पाचव्या शीलाचा खोकला

चौऱ्याऐंशी सालची वैशाखी पौर्णिमा. गुलाब पांढुर्ण्याहून मेणबत्त्या घेऊन परत येत होता. काम अगदी साधं. विहाराचा कारभार पाहणारे तुळशीरामजी सकाळी म्हणाले होते, "गुलाब, दोन डझन मेनबत्त्या अन् उदबत्तीचे पुडे आन. संध्याकाळी वंदना हाय." गुलाब गेला, सामान घेतलं, पॅसेंजरनं तिगावला उतरला आणि भर दुपारी गावाची पायवाट धरली. आठ महिन्यांपूर्वी त्याला कोणी काड्याची पेटीसुद्धा आणायला पाठवलं नसतं. वाटेत मोहाची भट्टी लागते ना! पेटी पोचायची, पण गुलाब दोन दिवसांनी पोचायचा.

आता त्या खोकल्याचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गुलाब आणि चिंधू दोघेही सरकी काढायच्या जिनात हमाल. कापसाच्या गाठी दोघं मिळून उचलायचे आणि बाटलीही दोघं मिळूनच. विहारात एकाच सतरंजीवर शेजारी बसायचे. पंचशील सुरू झालं की पहिली चार शीलं दोघं छप्पर हलेल अशी म्हणायचे. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही. आणि पाचवं आलं, दारू पिणार नाही हे म्हणायची वेळ आली, की दोघांना नेमका खोकला यायचा. चिंधूचा तर ठरलेला. दोन आखूड, एक लांब. बायका पदराआड हसायच्या. एकदा तुळशीरामजींनी चारचौघांत झापलं, तर चिंधू म्हणतो कसा, "बापा, चवथ्यात आत्ताच कबूल केलं, खोटं बोलनार नाई. मंग लगेच पाचवं कसं म्हनू?" घ्या! सगळा विहार हसून लोळला.

ते हसणं गेल्या पावसाळ्यात संपलं. गुलाबनं पिऊन झिंगत छायाला, आपल्या पाच वर्षांच्या पोरीला, खांद्यावर घेतलं आणि नाल्याच्या दरडीवरून पाडलं. तिचा हात मोडला, आणि जुळला तो वाकडाच. सुमननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आदळआपट केली नाही. पोरीला घेऊन मोहगावला माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "ज्या दिवशी पाचवं शील खणखणीत म्हनसान, त्या दिवशी येईन. चार शीलाच्या मानसासंग मले राहाचं नाई."

आणि पोळ्याच्या दिवशी चिंधू नाल्यावरच्या मोहाखाली मेलेला सापडला. तोंडावर माश्या. त्याला अग्नी देऊन आल्यावर त्याची बायको कुसुम गुलाबच्या दारात आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी तरी जगा." बस, त्या दिवसापासून गुलाबनं थेंब घेतला नाही. पंधरा दिवस हातपाय लटलटले. अंगावरून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, उलट्या व्हायच्या, खाटेचा पाय धरून तो रडायचा. कुसुम दारातून ताक ठेवून जायची. लोक म्हणाले, "दिवाळीलोक तरी टिकते का पाहा." दिवाळी गेली. संक्रांत गेली. लोकांची तोंडं बंद झाली.

पण पाचवं शील काही त्याच्या तोंडून निघेना. का, ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. चौथं संपलं की शेजारच्या रिकाम्या जागेवरून खोकला यायचा. दोन आखूड, एक लांब. गुलाबचा गळाच धरला जायचा. आपल्यात भूतखेत मानत नाहीत, मग हे सांगायचं कोणाला? आणि त्यानं दारू सोडल्याचं ऐकून आज सुमन येणार होती. पोरीला घेऊन, स्वतःच्या कानांनी ऐकायला.

तर तो नाल्यावर आला. ऊन असं की पाखरू बोलत नव्हतं. मोहाखाली सावली होती, पण गुलाब थांबला नाही. आणि वास आला. मोहफुलाचा, आंबलेला, ओला. अहो, फुलं सरून महिना झाला होता. झाडावर नुसती पानं.

मागून खोकला आला.

गुलाब थिजला. झाडाखाली वाळक्या पानांचा थर होता. त्यातली पानं चुरचुरली. आधी बुंध्याजवळची, मग जरा अलीकडची, मग आणखी अलीकडची. पाय कुठंच दिसत नव्हता.

"गुलब्या… खोटं बोलाले चालला का बे?"

"चिंधू…?"

"आज म्हनशीन… अन् उद्या पेशीन. मंग चवथं कुठी गेलं…?"

"मी… मी नाई पेत आता."

"उद्याचं… सांग. उद्याचं सांग नं, गुलब्या…"

पानं त्याच्या पायापाशी येऊन थांबली. तोंडावर आंबूस श्वास आला. गुलाबनं मेणबत्त्यांचा पुडा छातीशी धरला आणि जो पळत सुटला तो घामानं न्हाऊन विहाराच्या पायरीवरच बसला. उद्याचं काय सांगणार? तेच तर त्याला माहीत नव्हतं. खरी भीती तीच होती, आणि चिंधूनं नेमकी तीच धरली होती.

संध्याकाळी विहार भरला. चंद्र अजून वर यायचा होता. उन्हानं वाकलेल्या मेणबत्त्या पाहून तुळशीरामजी कुरकुरले, पण लावल्या. बायकांच्या बाजूला सुमन बसली होती. मांडीवर छाया, तिचा वाकडा हात सुमननं आपल्या हातात धरलेला. सुमननं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर खाली, कान मात्र इकडेच.

पंचशील सुरू झालं. एक, दोन, तीन. चौथं संपलं.

दोन आखूड…

शेजारची सतरंजी कोणी बूड टेकावं तशी ताणली गेली. तोच वास. आणि तिसरा, लांब खोकला सुरू झाला. समोर सुमनच्या मांडीवर पोर बसली होती. त्यानं मान वळवली आणि भरल्या विहारात, त्या रिकाम्या जागेकडे पाहून मोठ्यानं बोलला, "आयक, चिंधू! उद्याचं मले मालूम नाई बे. मी आज नाई पेलो. आजचं खरं हाय. अन् उद्या उद्याचं खरं करीन!"

सगळे थांबले होते. गुलाबनं पाचवं शील म्हटलं. पालीतल्या 'सुरामेरय'पासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकट्यानं, न अडखळता. लांब खोकला मध्येच तुटला.

"त्याइचा खोकला…" बायकांतून कुसुम हुंदका देत म्हणाली, "मीनं बी आयकला."

सुमन उठली, छायाला त्याच्याकडे दिलं आणि म्हणाली, "धरा नीट. अन् चाला घरी. वर्सभर चुलीले पोतारा नसंन फिरवला तुमी." गुलाबनं पोरीला खांद्यावर घेतलं. तिनं त्या वाकड्या हातानंच त्याचे केस धरले. लेकाचा रडत होता आणि हसत होता. त्या संध्याकाळी सगळ्या मुलखात त्याच्याएवढा सुखी माणूस नव्हता, माझ्याकडून लिहून घ्या.

आता चिंधूचं ऐका. पुढच्या पौर्णिमेला चौथं शील संपलं आणि खोकला आला. या वेळी सगळ्यांना ऐकू आला, आणि तो तुळशीरामजींच्या शेजारून! तुळशीरामजींचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. दुसऱ्या दिवशी उदबत्तीच्या कपाटातली बाटली त्यांनी स्वतःच नाल्यात फेकली. तेव्हापासून पिऊन आलेल्या माणसाच्या बाजूलाच तो खोकला येतो. चार-सहा जणांची फजिती झाली आणि पोळ्याआधी भट्टी बंद पडली.

चौथं संपलं की सुमन अजून गुलाबच्या बाजूला कान देते. तिकडून आजवर काही आलेलं नाही.

फक्त वंदनेनंतर सतरंजी झाडायला घेतली, की गुलाबच्या शेजारच्या जागेवर मोहाचं एक फूल सापडतं. ताजं, ओलं, पिवळसर, भर श्रावणातही. सुमन हात लावत नाही, केरसुणीनंच बाहेर ढकलते, आणि तोवर गुलाब श्वास रोखून, भिंतीकडे तोंड करून उभा असतो.

नाल्यावरचा मोह तर त्याच उन्हाळ्यात वाळून पडला होता.