लतीफाबाईंचा गेम

स्फाक्स शहराच्या संस्कृती भवनात मुन्सिफ नवख्या लोकांना व्हिडिओ गेम बनवायला शिकवायचा. वर्ग संपला की त्यांचे गेम तो एका कन्सोलवर चढवायचा. हा कन्सोल सगळ्यांना खुला होता, कुणीही केलेला गेम त्यावर टीव्हीला लावून खेळता यायचा.

त्या वर्षी वर्गात बारा जण होते. त्यात पोस्टातून निवृत्त झालेल्या लतीफा गोरबेल. त्यांचा गेम अगदी साधा होता: एक बाई जिना चढते आणि गच्चीवर कपडे वाळत घालते. आवाजासाठी त्यांनी काचेच्या पेल्यावर चमचा वाजवला होता.

मुन्सिफने अकरा गेम चढवले. बारावा लतीफाबाईंचा; त्यावर आणखी दोन दिवस जाणार, म्हणून त्याला हातच लावला नाही.

"तुमचा चालत नाही हो कन्सोलवर," त्याने सांगून टाकलं.

"माझंच काहीतरी चुकलं असणार, पोरा," असं म्हणून त्या वहीत चूक शोधत बसल्या.

ऑक्टोबरात त्या गेल्या.

नोव्हेंबरात प्रदर्शन भरलं. जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं होतं. खिडकीतून तेलघाण्यांचा वास येत होता. मुन्सिफने टीव्ही लावला, तर यादीत बारा नावं. त्याने कन्सोल पूर्ण पुसून अकरा गेम पुन्हा चढवले.

बारा.

त्याने तो गेम उघडला. किणकिण सुरू झाली. बाई जिना चढू लागली.

"आईचा ना?" लतीफाबाईंची मुलगी रीम दारात उभी होती.

मुन्सिफला राहवलं नाही. "मी खोटं बोललो त्यांच्याशी. एकदाही चढवून पाहिला नव्हता. त्यांचं काही चुकलं नव्हतं." त्याला रडू फुटलं. "माफ करा, लतीफाबाई."

रीमने पेला भरून पुढे केला. "घ्या, आधी पाणी प्या." मग ती जरा गोंधळून म्हणाली, "पण हे तुम्ही सांगितलंत की तिला. गेल्या महिन्यात, हॉस्पिटलात. फोन मीच धरला होता तिच्या कानाशी."

"मी फोन केलाच नव्हता."

"आवाज तुमचाच होता, सर. रडत होतात. आई हसली. म्हणाली, माझं चुकलं नव्हतं बघ." रीम टीव्हीकडे पाहू लागली. "मागे हीच किणकिण होती. आणि कुणी बाई म्हणत होती, घ्या, आधी..."

ती थांबली.

मुन्सिफने टेबलाकडे पाहिलं. त्याचा फोन उताणा पडला होता. त्यावर लतीफाबाईंचं नाव होतं, आणि चालू कॉलचे सेकंद पुढे सरकत होते.