रॉकेलचा डबा

दोन हजार चार सालच्या श्रावणातली दुपार. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीत क्रांती नर्सबाई पोरांच्या लसीकरणाच्या चिठ्ठ्या वाटत फिरत होती. काम तासाभराचं. शेवटचं घर चन्नाप्पांचं. त्यांच्या दाराला कडुलिंबाची फांदी अडकवलेली दिसली आणि तिचे पाय जागीच थांबले.

गेल्या वर्षी हीच फांदी होती, हेच दार. चन्नाप्पांना दोन लेक, दोन सुना. थोरली सून तानाबाई तापानं फणफणली होती, अंगभर पुरळ उठलं होतं. घरात देवी आलीय, बाहेरच्यानं उंबरा ओलांडू नये, असं सासूनं, हिराबाईंनी, बजावलं आणि शिकलीसवरलेली क्रांती मुकाट माघारी फिरली. तिसऱ्या दिवशी तानाबाई गेली.

पुढं कोल्हापुरात प्रशिक्षण झालं. तिथले डॉक्टर सांगत होते: गोचीड चावूनही ताप येतो, पुरळ तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा उठतं, चावल्या जागी काळी खपली धरते. लवकर औषध पोटात गेलं तर माणूस वाचतो. आणि गोचीड नखानं फोडू नका. तानाबाई तर रोज म्हशीच्या गोचिडी अंगठ्याच्या नखावर फोडायची आणि रॉकेलच्या डब्यात टाकायची. आपण त्या बाईला मारलं, एवढंच क्रांतीला कळलं.

ती दारात उभी असताना बाजूच्या गोठ्यातून आवाज आला. फट्... मग टप्.

तिनं डोकावलं. आत अंधार, शेणाचा आणि रॉकेलचा वास. काळ्या म्हशीच्या आडोशाला एक बाई पाठमोरी बसली होती, पदर कपाळावर ओढलेला. म्हशीच्या कानामागची गोचीड काढायची, नखावर फोडायची, डब्यात टाकायची. फट्... टप्.

"कोण आजारी हाय ओ आत?" क्रांतीनं विचारलं.

"पवित्रा... धाकटी जाऊ माझी." बाईनं मान वळवली नाही. "आत जावा की, नर्सबाई... गेल्या खेपंला उंबऱ्यातनंच फिरलासा."

तिनं हात मागं केला. तळहातावर लाल ठिपकेच ठिपके होते.

क्रांती पळाली ती घरात. हिराबाई आडव्या आल्या. "देवी हाय घरात! शिवू नगासा!"

"देवी न्हाय, मावशी, गोचिडीचा ताप हाय! सरका!"

पवित्रा घोंगडीवर पडली होती, डोळे अर्धे मिटलेले. तळव्यांवर तेच ठिपके, कमरेशी काळी खपली. तापाचा आठवा दिवस होता. क्रांतीनं प्रशिक्षणापासून पिशवीत बाळगलेली, या तापावरची हिरवी कॅप्सूल काढली, तिच्या जिभेवर ठेवली, मान वर धरून पाणी पाजलं. घोट उतरलेला तिनं स्वतः पाहिला. तोंडही उघडून पाहिलं.

"औषध दिलासा... आता देवी सोडायची न्हाय," हिराबाई पुटपुटल्या.

दूध संस्थेची जीप मिळाली. पवित्राचा नवरा संगमेश तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली, आणि सीटखालून बारीक आवाज सुरू झाला. फट्... टप्. क्रांतीनं वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं.

"ऐकू येतंय न्हवं?" पवित्रा म्हणाली. "थोरल्या बाई... त्यांच्या गोचिडी अजून सरल्या न्हाईत..."

"गप पड, बाळा. पोचलोच आपण."

कुठं पोचणार होतो! पंचगंगेच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती. तिथंच आवाज थांबला. क्रांतीनं पवित्राची नाडी धरली आणि धरूनच ठेवली, संगमेशला सांगायला तोंड उघडेना म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती चन्नाप्पांकडं गेली. ते कट्ट्यावर बसून होते. ती त्यांच्या पायांशीच बसली. "मी अजून लवकर यायला पायजे हुतं, आण्णा."

"तुमचा काय दोष, बाई?" म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"गोठ्यात म्हशीजवळ कोण बसलं हुतं त्या दिवशी?"

"म्हस? तानाबाई गेली त्याच महिन्यात इकली की. लाकडं हायती गोठ्यात."

खरंच लाकडं होती, पार आढ्यापर्यंत. माणूस बसायला जागाच नव्हती. खुंटीला डबा तेवढा टांगलेला होता. क्रांतीनं तो खाली घेतला. वर्षभर कुणी हात न लावलेला डबा गच्च भरलेला होता. रॉकेलवर फुटलेल्या गोचिडी तरंगत होत्या, काहींचे पाय अजून हलत होते. त्यांच्यामध्ये एक हिरवी कॅप्सूल होती. अख्खी, न विरघळलेली.

तिच्या हातातून डबा सुटला. मागं दारात हिराबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागं, घराच्या दाराला, कडुलिंबाची फांदी अजून तशीच होती.

"काढली न्हाय ती," हिराबाई म्हणाल्या. "कालधरनं संगमेशच्या अंगात ताप हाय. आता म्या आडवी येणार न्हाय, बाई. द्या त्येला गोळी. पाया पडते तुमच्या."

क्रांती घरात गेली. संगमेश तिच्याकडंच बघत होता. तिनं कॅप्सूल काढून त्याच्या तोंडात घातली, पाण्याचा तांब्या ओठाला लावला. त्यानं गटकन गिळली.

बाहेर, लाकडांनी भरलेल्या गोठ्यातून, आवाज आला. टप्.