लोकरबाजारातला दगड

घोडनदीवर धुकं उतरलं होतं आणि लोकरबाजाराच्या कमानी जणू त्यातच तरंगत होत्या. एके काळी मेंढपाळ इथं लोकर विकत. मग इमारत गोदाम झाली, आता लग्नांचं 'लॉन्स'. ती बांधणाऱ्या मेंढपाळांनी भिंतीत दगड बसवून त्यावर कोरलं होतं : आमच्या लेकींची लग्नं इथं फुकट. दरसाल ते त्या दगडाला हळदीचा भंडारा वाहत.

आज दगड गायब होता, आणि उद्या मेंढपाळ अनसाबाईच्या नातीचं, मोनिकाचं लग्न होतं. दगड नाही तर फुकट मांडव नाही, असं मालक ज्ञानेशनं सांगून टाकलं. म्हातारीनं शिरूरहून खासगी तपास करणाऱ्या सुलक्षणाला बोलावलं. सोबत तिचा मदतनीस मच्छिंद्र. त्याचं डोकं दुसऱ्या चहानंतर चालू लागे.

दगडाच्या जागी ओला चुना होता. त्यावर लालसर बोटं उमटली होती.

"कुंकू. लग्नघरच आहे," मच्छिंद्र म्हणाला.

दौंडचा मांडववाला सम्राट म्हणाला, तो आत्ताच आला, फाटक मालकानंच उघडलं, भिंतीला त्यानं हातही लावला नाही. ज्ञानेशच्या कपाळावर ताजा भंडारा होता. चोरांनी रात्री दगड उपसून नेला, पहाटे आपणच भगदाड बुजवलं, असं तो म्हणाला. काल संध्याकाळी पाणी दिलेली भिंतीपुढची हिरवळ मात्र चिखलासारखी मऊ होती, आणि तिच्यावर जड ओझं नेल्याची एक खूण नव्हती.

सुलक्षणानं सगळ्यांना भिंतीपाशी बोलावलं.

"हा दगड उचलायला सहा माणसं लागतात. ती काय हवेतून गेली? आणि हे कुंकू नाही. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे घरोघरी ठाऊक आहे. ओल्या चुन्यावर कुणीतरी भंडारा वाहिला. पण रिकाम्या भगदाडाला कोण भंडारा वाहील? दगड आतच आहे. आणि चुना लावल्यापासून फाटक उघडेपर्यंत इथं तुम्ही एकटेच होतात, ज्ञानेशराव."

ज्ञानेश खाली बसला. फुकट लग्नाची जागा म्हणून मोठी घरं नाक मुरडतात, असं काहीबाही तो पुटपुटला. सिमेंटनं दगड खराब झाला असता, म्हणून चुना लावला.

"झाकला, पन् भंडारा न वाहता पाठ फिरवता येईना," तो म्हणाला. "आमचे आजोबाबी मेंढ्याच राखायचे."

त्यानं स्वतःच चुना खरवडायला घेतला.  अनसाबाईला राग होता, आणि त्याची कीवही येत होती.

"मोनिकेला मामा न्हाई," ती म्हणाली. "उद्या तिच्या पाठीशी तू हुबा ऱ्हा."