झाकलेल्या नावाची तबकडी

मिरजेतील आपल्या माडीवर रविवारी सकाळी बाबगोंडा शिरगुप्पे यांनी एक जुनी डिस्को तबकडी यंत्रात ठेवली. सुई तिला शिवलीदेखील नाही. प्रकाशाची निळसर रेषा खाचांवरून फिरू लागली आणि ड्रम व बेस गिटार यांच्या ठेक्याने खिडकीची तावदाने थरथरली. या यंत्रास प्रकाशसुई म्हणत. तबकडी न झिजवता ती गाणे वाचून घेई व सार्वजनिक ध्वनिभांडारात पाठवी. मग ते जगात कोणासही ऐकता येई. मात्र गायकाच्या नावावाचून भांडार काहीच स्वीकारीत नसे.

"अण्णा, आता तरी कागद काढा," त्यांचे संग्राहक मित्र इलियास मुजावर म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्यापासून लपवलंत!"

"तुला नाव कळलं असतं, तर दुसरी प्रत तूच आधी गाठली असतीस."

संग्राहकांची ती रीतच होती. दुर्मिळ तबकडीच्या मधल्या नावपट्टीवर कोरा कागद डकवायचा; ऐकणाऱ्याने ऐकावे, शोधू नये. शिरगुप्प्यांनी कागद ओला करून अलगद उचलला. त्याला चिकटून खालची अक्षरेही लगदा होऊन निघून आली.

"मग तोंडी सांगा."

शिरगुप्पे ओशाळले. "अरे, विसरलो."

"शाबास! स्वतःपासूनही लपवलंत!"

अखेर त्यांनी कंठठसा शोधण्याची कळ दाबली. प्रत्येकाच्या कंठाची घडण निराळी. वयानेही ती पुरती पुसली जात नाही. ज्यांनी स्वखुशीने आपला ठसा नोंदवला होता, त्यांतून यंत्राने एकच नाव काढले: कुमुद आवळे, इचलकरंजी, वय एकोणऐंशी. शिरगुप्प्यांनी लगेच फोन लावला.

"ते नाचाचं गाणं?" पलीकडून वृद्ध स्वर आला. "ते कुणीच ऐकलं नाही म्हणाले कंपनीवाले. मी गाणंच सोडलं मग."

"बाई, इथं चाळीस वर्षं दर रविवारी माणसं त्यावर नाचतात."

"अगंबाई! मग मला कुणी कळवलं कसं नाही?"

इलियास जमिनीकडे पाहू लागले. पत्ता मिळाला नाही, असे सांगणे शिरगुप्प्यांना सोपे होते.

"मी तुमचं नाव झाकलं होतं," शिरगुप्पे म्हणाले. "दुसऱ्या कुणाला ही तबकडी मिळू नये म्हणून."

यंत्रातून अजून तोच कंठ, एकवीस वर्षांचा, उल्हासाने गात होता. मग फोनमधून टेबलावर बोटांनी ठेका धरल्याचा आवाज येऊ लागला.

"भले गृहस्थ आहात!" कुमुदताई म्हणाल्या. "बरं, आता लिहिणार ना नाव? किती मोठ्या अक्षरांत?"