सापळ्यातले जास्तीचे पतंग

"काय हरवलं का सर?"

कल्याण सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये ओणवा झाला होता. पांढरं फडकं अंथरून त्यानं झाडं हलकेच झटकली होती आणि पडलेल्या अळ्या मोजत होता. दचकून मान वर केली तर... बांधावर एक मुलगी उभी. हातात विळा, ओढणी कमरेला खोचलेली, आणि डोळ्यांत असं कुतूहल की उत्तर घेतल्याशिवाय ती तिथून हलणार नव्हती.

ती दैवशाला. शेत तिच्या वडिलांचं, नानांचं, पण बी. ए. झाल्यापासून सगळं बघायची तीच. बदनापूरहून मोटारसायकलवर हसनाबादला किडी मोजायला येणारा हा माणूस तिला भलताच मजेशीर वाटला. चक्रीभुंगा देठाला दोनच खाचा का पाडतो, उंटअळी चालताना पाठ का उचलते... तिचे प्रश्न काही संपेनात. ते संपू नयेत असं कल्याणलाही वाटायला लागलं, आणि याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

जाताना त्यानं तिच्या शेतात कामगंध सापळा लावला. त्याच्या पिशवीत अडकलेले पतंग तिनं रोज सकाळी मोजायचे. आकडा कमी असला तर तो पंधरा दिवसांनी येणार. आठ-दहाच्या वर गेला तर दर तिसऱ्या दिवशी.

चौथ्याच दिवशी तिचा फोन आला... अकरा!

मग काय, कल्याणच्या खेपा सुरू झाल्या. शर्टाला इस्त्री होऊ लागली. बांधावर चहा होऊ लागला. खाचा पाडलेलं देठ दाखवताना एकदा बोटाला बोट लागलं, आणि पुढचे दोन प्रश्न विचारायला ती विसरली.

एकच गोष्ट त्याला कळत नव्हती. शेजारच्या कारभारीमामांच्या सापळ्यात रोज जेमतेम दोन पतंग. पीक तेच, वारा तोच... मग इथेच एवढे कसे? आज संध्याकाळपर्यंत त्याला कृषी कार्यालयाला आकडा कळवायचा होता. तो मोठा निघाला तर साऱ्या गावाला फवारणीचा निरोप जाणार होता, त्याच्या शब्दावर.

त्यानं पिशवी फडक्यावर रिकामी केली. आजही अकरा. भिंग काढून एकेक पतंग उलटासुलटा करून पाहिला. दैवशाला शेजारीच उभी होती.

"ह्या सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते," तो म्हणाला. "वासाला भुलून नुसते नर येतात."

"बराबर."

"मंग ह्याच्यात नऊ माद्या कशा आल्या?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "अंगणातल्या बल्बखाली जमतात... मीच येचून टाकत होते."

"कशाला?"

"आकडा कमी झाला की तुम्ही पंधरा दिवस येणार न्हाई... म्हणून."

कल्याणला हसावं की रागवावं कळेना. आनंद तर मनात मावेना. पण गाव डोळ्यासमोर आलं.

"समद्या गावानं फुकट औषध फवारलं असतं, दैवशाला. माझ्या भरवशावर."

तिचे डोळे भरले. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. खरा आकडा लिहा सर. मंग... पंधरा दिवसांनीच या."

त्यानं लिहिलं, दोन. वही मिटली. ती विळा उचलून निघालीच होती.

"बाकी गावांचे आकडे मी फोनवर घेतो," तो मागून म्हणाला. "तसं चालतं. त्या पहिल्या फोननंतर तुमचा आकडा कधी फोनवर मागितला का मी?"

ती थांबली. आजवरच्या खेपा तिनं मनाशी मोजल्या असाव्यात. "न्हाई... का न्हाई मागितला?"

"तुम्हाला बघायचं असायचं. म्हणून."

दैवशालाच्या गालांवर लाली चढली, ती लपवायला तिनं रिकामी पिशवी उचलून सापळ्याला बांधायला घेतली.

"परवा या," ती पाठमोरीच म्हणाली. "घरी, चहाला. नाना बी असतील... त्यांना काय ते तुम्हीच सांगा."

पिशवीची गाठ तिला काही केल्या जमेना. कल्याणनं पुढे होऊन दुसरं टोक धरलं.