बेपत्तांचा सर्व्हर

वेबसाइट होस्टिंग कंपनीच्या जिन्यात मी त्याच्यावर अक्षरशः आदळले. त्याच्या हातातला चहा माझ्या बाहीवर.

"सॉरी! पण एवढी घाई कसली?"

"माझी साइट बंद पडलीय..." म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागले.

धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली, तेव्हा बेपत्ता माणसांचे फोटो टाकायला मी ती साइट काढली होती. त्या बेपत्तांत माझे बाबाही होते.

तो तिथला इंजिनीअर निघाला. मला आत नेऊन बसवलं, रुमाल दिला.

"तुमची साइट व्हीपीएसवर आहे. म्हणजे एकाच मशीनचे भाग पाडून अनेकांना दिलेत. हजारो लोक एकदम येतायत, तुमचा वाटा अपुरा पडतोय. डेडिकेटेड सर्व्हर घ्या. अख्खं मशीन तुमचंच."

"आणि ते बिघडलं तर?"

"मी आहे की."

"सगळ्या ग्राहकांना असंच सांगता?"

"नाही—" त्याचे कान लाल झाले. "फक्त रडणाऱ्यांना."

कित्येक दिवसांनी मी हसले... आणि लगेच अपराधी वाटलं.

डेडिकेटेड घेतलं. मग मशीनचं निमित्त काढून कधी तो फोन करायचा, कधी मी. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही. कुणी सापडलं की आधी त्यालाच सांगायचे. बहुतेकदा मृतदेहच सापडायचे. तो काही बोलायचा नाही, पण फोनही ठेवायचा नाही.

वर्षभरानं एका संध्याकाळी तो घरी आला. नुसताच बसून राहिला.

"बोल ना."

"मशीन जवळजवळ रिकामंच चालतंय गं. आता छोटा व्हीपीएस पुरेल."

"म्हणजे लोकांनी शोधणं सोडलं?"

मी त्याच्याकडे वळले.

"मीही सोडायचं?"

"असं कुठे म्हटलं मी? साइट चालूच राहील. फक्त... हे सगळं तू एकटीनं ओढतेयस, ते बघवत नाही. मला तू आवडतेस. फार. सांगायची ही वेळ नव्हे, कळतंय मला."

"नव्हेच," मी म्हणाले आणि त्याचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी शेजारी बसून आम्ही एकेक फोटो नव्या जागी हलवला. बाबांचा आला, तसा तो थांबला.

"यांना भेटायला आवडलं असतं मला."

आमच्या घरात बाबांबद्दल असं, ते गेल्यासारखं, कुणी बोलत नसे. आईच्या लेखी ते अजून यायचे होते. माझ्याही.

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"त्यांनाही... तू आवडला असतास."