पेवातली हजेरी

दुसऱ्याच्या नावाची हजेरी लावण्यात माझा हात धरणारं आमच्या कॉलेजात कुणी नव्हतं. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. सोलापुरातलं मिशनचं कॉलेज, सकाळी आधी प्रार्थना आणि मग तास. माझी मैत्रीण एस्तेर शेलार चर्चच्या गाण्याच्या तालमीत अडकली की तिच्या नावाला ओ मी द्यायची. तिचा आवाज बारीक, जरासा नाकातला. त्यात मी माझी भर म्हणून आधी एक हलकासा खोकला काढायची आणि मग ‘येस सर’. एस्तेर स्वतः कधी खोकायची नाही आणि ‘येस सर’ही म्हणायची नाही, ती ‘प्रेझेंट’ म्हणायची. पण अर्थशास्त्राच्या साळवे सरांना तो फरक कधी कळला नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळ अगदी भरात असताना, साळवे सरांनी अभ्यास सहल काढली. सांगोल्याच्या पुढचं एक लहान गाव पाहायचं, लोक काय खातात, धान्य कसं राखून ठेवतात ते विचारून लिहायचं. बस सुटण्याआधी सरांनी डोळे मिटून प्रार्थना केली, मी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. बसचा ड्रायव्हर निंगप्पा अक्कलकोटकडचा. आमचं घर भवानी पेठेत, घरात बोलणं कानडी. त्यामुळे मी पुढची जागा पटकावून वाटभर त्याच्याशी कानडीत गप्पा हाणत होते आणि एस्तेर मला कोपरानं ढोसत होती.

पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गावाच्या कडेला एक ओसाड आवार होतं, त्यात वाळून चाललेला कडुलिंब. सरांनी सगळ्यांना तिथं उभं करून हजेरी घेतली. एस्तेर कुणाच्या तरी दारात पाणी प्यायला गेली होती. तिचं नाव आलं, मी खोकले आणि ‘येस सर’ म्हणाले. मी एका मोठ्या चौकोनी शिळेवर उभी होते. भर उन्हात ती शिळा पायाला गार लागत होती, याचं तेव्हाच नवल वाटलं.

हजेरी संपतेय तोच सोजरबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत, धापा टाकत आली. शिळेखाली पेव आहे म्हणाली. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, वर तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं आणि आत दोन पुरुष खोल. या पेवापाशी गावात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, आणि सरांनी तर अख्खा वर्गच पुकारला होता.

“मागल्या दुष्काळात दानं खरडाय मानसं उतरली आत,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “आवाज आलं वर… मानसं न्हाय आली. तवापासनं जे कानावर पडंल ते त्ये बोलतंय की…”

सरांनी मान डोलावली आणि हे लिहून घ्या म्हणाले. पोरं हसली. मीही हसले, पण शिळेवरून उतरून.

दुपारी गावकऱ्यांनी आम्हाला दाखवायला म्हणून ते पेव उघडलं. मी सगळ्यांना बजावलं की कुणी आत उतरायचं नाही. करकंबला माझ्या आजोबांची पेवं होती. बंद पेवात विषारी हवा साठते, आधी कंदील सोडून बघावा लागतो, तो विझला तर माणूसही विझतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. एस्तेर वाकून बघायला गेली आणि तिच्या हातातला कॉलेजचा मोजमापाचा टेप सुटून आत पडला. ती रडकुंडीला आली. मी तिची वेणी धरून तिला मागं ओढलं आणि टेप गेला खड्ड्यात म्हणाले.

दिवस कलायला लागला तसे आम्ही बसमध्ये चढलो. धुळीनं सगळं तांबडं झालं होतं. दारात उभं राहून सरांनी हजेरी घेतली. “एस्तेर शेलार.” मागच्या बाजूनं खोकल्याचा आवाज आला, मग ‘येस सर’. टेपवरून रुसून मागं जाऊन बसली असेल, असं वाटून मी गप्प राहिले. बस निघाली.

गावाची वेस ओलांडली आणि माझ्या अंगावर काटाच आला. खोकला? एस्तेर खोकत नाही. ती ‘येस सर’ म्हणत नाही. तो आवाज एस्तेरचा नव्हता, मी काढते तो एस्तेरचा आवाज होता. मी वळून पाहिलं. मागच्या बाकावर नुसत्या पिशव्या होत्या.

मी ओरडून बस थांबवली. सर वैतागले. सगळ्या वर्गाला माझे उद्योग माहीत, त्यामुळे कुणाचाच विश्वास बसेना. मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, सर, सगळ्यांना तोंडावर हात ठेवायला सांगा आणि पुन्हा हाक मारा, मग मला काय शिक्षा करायची ती करा. सरांनी हजेरीचं पुस्तक पुन्हा उघडलं. मग त्यांनी हाक मारली.

“एस्तेर शेलार…”

सगळ्यांचे हात तोंडावर. इंजिन बंद. आणि आमच्या पायांखालून, बसच्या तळाखालच्या जमिनीतून, एक हलकासा खोकला.

“येस सर…”

निंगप्पानं कुणी सांगायची वाट न पाहता बस वळवली.

पेवावर शिळा होती. आम्ही नाही लावली, हवा निघून जावी म्हणून उघडंच ठेवलं होतं, असं गावकरी शपथेवर सांगत होते. शिळेच्या कडेला एस्तेरच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. आमची पाठ वळताच ती भिंतीतल्या खोबणींत पाय रोवत टेप काढायला उतरली होती, आणि आत किती वेळ होती देव जाणे. पोरं आणि गावकरी पहारी घेऊन भिडले. “ओढा… ओढा…” करत शिळा सरकली. कंदील सोडला, तो अर्ध्यावर विझला.

रडायला वेळ नव्हता. मी कडुलिंबाच्या फांद्या तोडायला लावल्या, त्यांचा भारा दोराला बांधून पेवात खालीवर, खालीवर हलवायला सांगितला. माझे आजोबा अशीच हवा घुसळायचे. पुन्हा कंदील, पुन्हा विझला. पुन्हा भारा. शेवटी ज्योत मिणमिणत का होईना, तळाशी टिकली. सर स्वतः उतरायला निघाले. सर, तुम्ही तोंडातच अडकाल, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. साडीचा काचा मारला, दोर कमरेला बांधला. आणि निंगप्पाला लांब, बसच्या पलीकडं नेऊन त्याच्या कानात कानडीत सांगितलं. मी ‘एत्तरी’ म्हटल्याशिवाय दोर ओढायचा नाही. मराठीत मी किंचाळले, रडले, मेले तरी नाही. एत्तरी म्हणजे उचला, वर घ्या. त्या पेवानं दिवसभर फक्त मराठी ऐकलं होतं.

आत कुजलेल्या ज्वारीचा आंबूस, ओला वास होता. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. एस्तेर भिंतीशी पडली होती, मुठीत टेप घट्ट धरून. नाकाशी हात नेला. श्वास होता. मी माझ्या कमरेचा दोर सोडला, दोघींना एकीखाली एक असा बांधावा म्हणून. तेवढ्यात वरून सरांनी सवयीनं हाक मारली.

“महानंदा…”

मी तोंड उघडायच्या आत, माझ्या कानाशी, माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “येस सर…” आणि मग, घाईनं, “ओढा… ओढा…”

दोर नुसता माझ्या हातात होता. त्या क्षणी तो वर गेला असता तर रिकामा गेला असता, आणि आम्ही दोघी तिथंच. कंदील फडफडला. वर सर “ओढा, ओढा, ती सांगतेय” म्हणत होते. पण दोर हलला नाही. निंगप्पानं तो मुठीत नुसता धरून ठेवला होता. मी दोघींभोवती वेढे दिले, गाठ मारली, उरला होता तेवढा श्वास छातीत भरला आणि ओरडले,

“एत्तरी!”

आणि आम्ही वर निघालो.

बाहेरच्या हवेत एस्तेर पहिल्यांदा खोकली ते ऐकून मी हंबरडा फोडला. इतका गोड खोकला मी आयुष्यात ऐकला नाही. टँकरच्या पाण्याला दिवसदिवस तिष्ठणाऱ्या त्या गावच्या बायकांनी घागरीच्या घागरी आणून आमच्या डोक्यावर ओतल्या. सोजरबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कुणीतरी हलगी काढली आणि आमची पोरं तिथंच नाचायला लागली. सर माझ्यापुढं येऊन उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“आजपासून तू वर्गात नसलीस तरी हजर,” ते म्हणाले.

मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. आजही ते आठवलं की मान ताठ होते. एस्तेर पुढं शाळेची मुख्याध्यापिका झाली, तिला नातवंडं झाली, आणि त्यातल्या एकीचं नाव महानंदा आहे.

निघताना सरांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. आम्ही हात वर केले, त्यांनी एकेक चेहरा बघून घेतला. बसमध्ये नुसता जल्लोष होता, चर्चची गाणी, सिनेमाची गाणी, सगळं एकात एक. एस्तेर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

वेशीपाशी, त्याच जागी, गाण्याच्या गलक्याखालून मला पुन्हा तो आवाज ऐकू आला. आधी हलकासा खोकला. मग माझा आवाज, पायांखालून, अगदी काकुळतीला आलेला.

“एत्तरी… एत्तरी…”

गाणाऱ्यांतल्या कुणाला कानडी येत नव्हतं. निंगप्पाचा पाय मात्र ब्रेकवर गेला. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, मी सांगितलं होतं तसाच, माझ्या शब्दाची वाट बघत. मी मान हलवली, नाही म्हणून. तरी तो थोडा वेळ तसाच थांबला, कारण तोवर खालून ‘एत्तरी’ म्हणणारा आवाज एकाचा राहिला नव्हता. त्यात बाया होत्या, म्हातारी माणसं होती, आणि एक अगदी लहान मूल होतं.